मागच्या गेटची किल्ली कोणाकडे आहे?

(पंचवटीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार, रात्री ८ नंतर)

सेक्रेटरी (ए-२०१): उद्याच्या मीटिंगला सगळ्यांनी यावे. विषय सिंहस्थ २०२७. पार्किंग, पाण्याचे टँकर आणि रक्तदान शिबिर. ऑगस्टमधल्या पहिल्या शाही स्नानाच्या आदल्या दिवशी शिबिर घेऊ. बॅनरचा खर्च मेंटेनन्समधून.

वहिनी (सी-१०३): शाही नाही, आता अमृत स्नान म्हणायचं. माझ्याकडे सासरचे अकरा जण आत्तापासूनच बुक आहेत, त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते आधी सांगा.

डॉक्टर (बी-४०१): भाऊ, शिबिर आदल्या दिवशी नको. दिलेलं रक्त तसंच्या तसं चढवत नाहीत, तपासण्या होतात, घटक वेगळे करतात. दुर्घटनेत उपयोगी पडतं ते आधीपासून फ्रिजमध्ये असलेलं. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं तर पुरुषांना पुढे तीन महिने आणि बायकांना चार महिने देता येणार नाही. सगळं गाव एकदमच रिकामं. दर महिन्याला एकेक विंग करू. बॅनर नसला तरी चालेल.

सेक्रेटरी (ए-२०१): बॅनर छापायला दिलाय हो.

डॉक्टर (बी-४०१): असू द्या, जूनमध्ये लावू. आणि रागावू नका, पण चेंगराचेंगरीत माणूस सहसा रक्त जाऊन मरत नाही. श्वास कोंडून मरतो.

बी-३०४: म्हणजे पायदळी येऊन नाही?

डॉक्टर (बी-४०१): पायदळी येतातच, पण बरेचसे उभ्या उभ्या जातात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गेलं की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागच्याने दिलेला धक्का पुढच्याच्या छातीवर येतो, बरगड्या हलायला जागा राहत नाही. मागच्याला पुढे काय झालंय ते दिसत नाही, तो ढकलतच राहतो.

नाना (बी-१०२): मी सांगतो. हळू टाइप करतो, मधे बोलू नका.
२७ ऑगस्ट २००३. सरदार चौकाच्या उतारावर झालं. कोणी साधूने चांदीची नाणी उधळली, लोक ती उचलायला वाकले आणि वरून लोंढा आला असं पेपरात आलं. ३९ माणसं गेली. मी खालच्या अंगाला होतो. मला आवाज आठवत नाही, उलट एकदम शांत झालं होतं. दुकानाच्या दाराची फळी काढून आम्ही चौघांनी एका बाईंना उचललं. अंगावर एक ओरखडा नव्हता, हातातला पितळी गडू तसाच घट्ट धरलेला. कुठे न्यायचं हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. एक म्हणाला सिव्हिल, एक म्हणाला समोरचा दवाखाना. तिथेच पाच मिनिटं वाद घातला आम्ही. बाईंचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

वहिनी (सी-१०३): नाना, हे तुम्ही कधी बोलला नव्हता.

नाना (बी-१०२): कोणी विचारलं नाही.

ए-४०२: पण आता १०८ आहे ना? तेव्हा नव्हती.

डॉक्टर (बी-४०१): आहे, २०१४ पासून. पण त्या गर्दीत गाडी येणार कुठून? आणि खरी अडचण वेगळीच असते. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन वायू सोडला, तेव्हा सेंट ल्यूक नावाच्या एकट्या हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी ६४० जण पोचले. बहुतेक पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने. चालता येणारे आधी पोचतात आणि जवळचा दवाखाना भरून टाकतात. ज्याचा श्वास अडकलाय तो मागून येतो, तेव्हा दारात जागा नसते. त्या हॉस्पिटलचं नशीब चांगलं, तिथे चॅपलच्या आणि कॉरिडॉरच्या भिंतींत आधीच ऑक्सिजनच्या नळ्या टाकून ठेवल्या होत्या. बांधताना लोक हसले असणार.

बी-३०४: मग आपण करायचं काय?

डॉक्टर (बी-४०१): खरचटलेले, घाबरलेले, पाय मुरगळलेले, म्हणजे हिरव्या पट्टीवाले (मोठ्या दुर्घटनेत कोणाला आधी बघायचं ते ठरवायला जखमींना रंगीत पट्ट्या लावतात), त्यांना सिव्हिलला पाठवायचं नाही. आपल्या पार्किंगमध्ये बसवायचं. पाणी, सावली, घरी एक फोन. तेवढीच सिव्हिलची दारं मोकळी राहतात. पण सारखं लक्ष ठेवायचं, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तो माणूस हिरवा राहिला नाही. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकतो, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचणार नाही असा; हे ठरवणं आपलं काम नाही, काळा तर मुळीच नाही. श्वास नसेल आणि हात रिकामे असतील तर छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. येत्या रविवारी उशी घेऊन गच्चीवर या, शिकवतो.

सेक्रेटरी (ए-२०१): अनोळखी माणसं आत घेतली आणि कोणाचं काही बरंवाईट झालं तर पोलीस मलाच बोलावतील.

डॉक्टर (बी-४०१): मोटार कायद्यात २०१९ ला कलम १३४ ए आलं, अपघातात मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही म्हणून. ते रस्ता अपघातापुरतं आहे हे खरं, त्यामुळे आपण पोलीस चौकीत आधीच सांगून ठेवू. मीटिंगनंतर तुम्ही आणि मी जाऊ.

वहिनी (सी-१०३): म्हणजे माझ्या अकरा जणांच्या गाड्या पार्किंगमध्ये नाही.

डॉक्टर (बी-४०१): नाही वहिनी.

वहिनी (सी-१०३): बरं. त्यांना रिक्षाने यायला सांगते. तसंही सासूबाईंचे भाऊ गाडी आडवीच लावतात.

ए-४०२: आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही हे कोणाच्या लक्षात आहे का? मागच्या वर्षी आमच्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय तडकला.

नाना (बी-१०२): आणि पुढच्या गल्लीत त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसेल. ॲम्ब्युलन्स मागून, नाल्याच्या बाजूनेच येऊ शकते. मागचं गेट उघडतं का?

सेक्रेटरी (ए-२०१): उघडतं की. किल्ली वॉचमनकडे.

बी-३०४: आत्ता विचारलं. तो म्हणतो आधीच्या वॉचमनकडे असेल.

सेक्रेटरी (ए-२०१): तो तर गावी गेला, दोन वर्षं झाली.

ए-४०२: टॉर्च घेऊन मागे आलोय. कुलूप सापडलं, वेल चढलाय त्याच्यावर. किल्ली असती तरी फिरली नसती, आतून गंजलंय.

नाना (बी-१०२): खोबरेल नको टाकूस, चिकट होतं. माझ्याकडे शिलाई मशीनचं तेल आहे. थांब, येतो खाली.