मदत हवी आहे: होडीच्या ट्रोलिंग मोटरला लिथियम बॅटरी

नमस्कार मंडळी. देवबागला कर्ली खाडीत बाबांची छोटी फायबरची होडी आहे. १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची ट्रोलिंग मोटर (होडी चालवणारी छोटी विजेची मोटर) फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० एएचची (अँपिअर-तास) लेड-अ‍ॅसिड बॅटरी ओहोटीच्या ओढीविरुद्ध तासाभरात मान टाकते, आणि ते धूड चिखलातून खांद्यावर आणताना साठी ओलांडलेल्या बाबांचे हाल बघवत नाहीत. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट निम्म्याहून हलकी, म्हणून तीच घ्यायचीय. अडलंय बीएमएसवर, म्हणजे जास्त करंट ओढला की बॅटरी बंद करणाऱ्या संरक्षक सर्किटवर: ५० अँपिअरचा पुरेल, की १०० चाच घ्यावा? मध्येच कटऑफ झाला तर होडी थेट संगमाकडे, खाडी समुद्राला मिळते तिकडे वाहत जाईल, ही खरी धास्ती. खाऱ्या पाण्यापासून टर्मिनल कसे जपता? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.