मुंबई मॅरेथॉन बघायला नाशिकहून जातोय, नेमकं उभं कुठं राहायचं?

इंदिरानगरची_सून

नमस्कार मंडळी. आमचे अहो येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदाच फुल पळणारेत, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर. वर्षभर पहाटे उठून गंगापूर रोड, सोमेश्वर आणि रविवारी त्र्यंबक रोड असं चाललंय, घरात बुटांचा ढीग झालाय तो वेगळाच. आता सासूबाई म्हणतायत मलाही बघायला यायचंय, आणि सहा वर्षांचं चिरंजीव तर बॅग भरूनच बसलंय. सासूबाईंचा गुडघा दुखतो, फार चालणं आणि जिने जमत नाहीत. शनिवारी मुक्काम नणंदेकडे डोंबिवलीला. ह्यांचं म्हणणं फिनिशलाच थांबा, पण शेजारच्या काकू म्हणाल्या तिथं काऽही दिसत नाही. ह्यांना पाचेक तास लागतील. कुठं थांबलो तर नक्की दिसतील? दोनदा दिसले तर सोन्याहून पिवळं.

तर्री_जास्त

घरी टीव्हीवर बघा वहिनी, मिसळ खात खात. मुंबईच्या गर्दीत कशाला.

इंदिरानगरची_सून

टीव्हीवर पुढचे दहा जण दिसतात भाऊ, आमचे अहो त्यात नसणार एवढं नक्की 😄

पळता_भुई_थोडी

काकूंचं बरोबर आहे, फिनिशच्या नादी लागू नका. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी बॅरिकेड, चार-चार रांगा माणसं, सगळ्यांचे हात वर आणि हातात मोबाईल. पोरगं खांद्यावर घेतलं तर त्याला दिसेल, सासूबाईंना पुढच्या माणसाची पाठ दिसेल. आणि खरं सांगू का, फिनिशला पळणाऱ्याला कोणाची गरज नसते, तिथं तो आपोआप पळतो, कमान दिसली की पायात कुठून जोर येतो देव जाणे. माणूस लागतो तो तिसाव्या किलोमीटरनंतर. तिथपर्यंत पाय पळवतात, पुढं डोकं पळवावं लागतं, आणि तिथंच रस्ता सुनसान वाटायला लागतो. त्यामुळे जागा निवडताना आपल्याला बरं कुठून दिसेल हे दुसरं, त्याला आपण कुठं हवेत हे आधी.

पेडर रोडचा चढ ऐकला असेलच. मी पळायचो तेव्हा तो परतीच्या वाटेवर ३५ व्या किलोमीटरच्या आसपास यायचा, आणि तिथले लोक बिल्डिंगीतून खाली उतरून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभे असायचे. जागा एक नंबर, पण जवळ स्टेशन नाही, चढावर उभं राहायचं, तुमच्या सासूबाईंना नको. रूट दरवर्षी थोडाफार हलतो, कोस्टल रोड झाल्यापासून तर जास्तच, तेव्हा आयोजकांचा त्या वर्षीचा मॅप उघडून किलोमीटरचे आकडे स्वतः बघा, कोणाच्या जुन्या पोस्टवर जाऊ नका, माझ्याही.

सी-लिंकवर उभं राहता येत नाही, ते डोक्यातून काढून टाका. तिथं पायी माणसाला एरवीही बंदीच असते.

दादरकर_मूळ_सिन्नर

वहिनी, तुमचा डोंबिवलीचा मुक्काम म्हणजे लॉटरी आहे, फक्त सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. मुंबईत मॅरेथॉन बघायची गुरुकिल्ली म्हणजे वेस्टर्न लाइन. रूट समुद्राच्या कडेकडेनं आणि लोकल त्याच्या जवळजवळ समांतर, माहीम, माटुंगा रोड, दादर, महालक्ष्मी, चर्नी रोड, मरीन लाइन्स. रस्ते बंद असतात त्यामुळे गाडी किंवा ओला-उबरच्या भरवशावर राहिलात तर अहो घरी पोचतील आणि तुम्ही वरळीत अडकून असाल.

तर पहिला स्टॉप शिवाजी पार्क. दादर वेस्टहून टॅक्सीने शिवसेना भवनापर्यंत जा, तिथून सावरकर मार्ग पाच-सात मिनिटं. सासूबाईंना मैदानाच्या कट्ट्यावर बसवा, वेळ झाली की हळूहळू रस्त्यापाशी आणा. सी-लिंकवरून शुकशुकाटातून आलेला माणूस असतो, इथं एकदम ढोल, पोरंटोरं, आजी-आजोबा टाळ्या वाजवतायत, बघण्यासारखं असतं. हा टप्पा समजा २६ व्या किलोमीटरला आला. पाच तासांत ४२ म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं आणि वर थोडी, सुटले पहाटे पाचला, म्हणजे आठ-सव्वाआठला समोर. मागच्या गटात असतील तर स्टार्ट लाइन ओलांडायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात तीही धरा.

ते दिसले की लगेच दादरहून स्लो लोकल पकडून चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स. ४० वा किलोमीटर यायला त्यांना अजून दीड तास तरी लागेल, तुम्ही चहा पिऊन पोचाल. मरीन ड्राइव्हवर रस्ता रुंद आहे, गर्दी पसरलेली असते, लांबूनच येताना दिसतो माणूस. हाफवाले, म्हणजे अर्धी मॅरेथॉन पळणारे, माहीमच्या रेतीबंदरहून सुटतात तेही इकडूनच जातात म्हणून रस्ता रिकामा कधी नसतो. एक लक्षात ठेवा, दोन्ही ठिकाणी स्टेशनच्या बाजूलाच उभं राहायचं. रस्ता ओलांडून समुद्राकडे गेलात की परत यायला गॅपची वाट बघत बसा. मरीन ड्राइव्हचा कट्टा नेमका समुद्राकडे आहे, म्हणून घडीचं स्टूल बरोबर घ्या.

इंदिरानगरची_सून

बाप रे, केवढं सविस्तर! खूप आभार दादा. पण मुलगा म्हणतोय त्याला सुटतानाच बघायचंय. पहाटे मरीन ड्राइव्हला पहिल्यांदा जातील तेव्हा दिसतील ना?

पळता_भुई_थोडी

जानेवारीत उजाडायलाच सात वाजून जातात ताई, साडेपाचला अंधारात हजारो माणसं, निम्म्यांचे एकसारखे टीशर्ट. बाप समोरून जाईल आणि पोरगं दुसऱ्यालाच बाबा बाबा करेल. झोपू द्या त्याला.

त्यापेक्षा आदल्या रात्री दोन गोष्टी पक्क्या करा. टीशर्टचा आणि टोपीचा रंग, आणि ते रस्त्याच्या कुठल्या कडेनं पळणार, डाव्या की उजव्या. "तिकडं कुठंतरी असू" असं ठरवलंत तर हमखास चुकामूक. एखादी भडक छत्री किंवा नऊवारीचा पदर काठीला बांधा, हसू नका, शंभर मीटरवरून दिसतो. मॅरेथॉनच्या ॲपवर बिब नंबर, म्हणजे छातीवर लावलेला नंबर, टाकला की ट्रॅक करता येतं, पण पक्की वेळ रस्त्यावरच्या टायमिंग मॅटवरूनच कळते, म्हणजे पाय पडला की वेळ नोंदवणाऱ्या पट्ट्यांवरून, दोन मॅटच्या मध्ये जो ठिपका सरकताना दिसतो तो नुसता अंदाज. ठिपका लांब आहे म्हणून वडापाव आणायला गेलात की संपलं.

गोदाकाठची_ताई

बायकांच्या बाजूने माझे दोन शब्द. पस्तिसाव्या किलोमीटरला "आता थोडंच राहिलं" असं कृपया कोणी ओरडू नका, सात किलोमीटर म्हणजे थोडं नसतं, मला तर त्या माणसाला थांबून उत्तर द्यावंसं वाटलं होतं. नावाने हाक मारा, बिबवर नाव छापलेलं असतं, अनोळखी माणसाने नाव घेतलं तरी मान वर होते. दुखण्यावरचा स्प्रे पिशवीत असू द्या, तुमच्या अहोंना नाही लागला तरी दुसरे दहा जण मागतील. आणि पोराला बाबांबरोबर पळायला रस्त्यावर सोडू नका, मागून येणारा आपटतो.

जिंकायला उतरलेले अव्वल धावपटूही बघून घ्या जमलं तर, ते बऱ्याच उशिरा सुटतात आणि आपल्यातल्या मागे राहिलेल्यांना ओलांडून जातात. २०२३ ला इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदात संपवली, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं! सावरपाड्याच्या कविता राऊतमुळे आपल्याकडे सगळ्यांना पळणं माहितीये, पण तो वेग समोरून जाताना बघणं वेगळंच.

दादरकर_मूळ_सिन्नर

संपल्यावर भेटायचं ठिकाण राहिलंच. आझाद मैदानाच्या गेटवर म्हणू नका, गेटं बरीच आहेत आणि फोन लागेलच असं नाही. मेट्रो सिनेमाचा कोपरा ठरवा, मरीन लाइन्सहून तुम्हालाही जवळ.

तर्री_जास्त

येताना पंचवटीने या, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते. रिझर्व्हेशन आत्ताच करा, रविवारी संध्याकाळी ४२ किलोमीटर पळालेल्या माणसाला इगतपुरीपर्यंत उभं राहायला लावू नका. आणि नाशिकरोडचा पूल ते उलटे उतरतील, मांड्या भरलेल्या असतात, घाबरू नका, सामान तुम्ही घ्या.

इंदिरानगरची_सून

तिकीट काढलं, सासूबाईंना खिडकी 😄 नऊवारीचा पदर काठीला बांधायचं त्यांना सांगितलं तर म्हणतायत हिरवी नको, लांबून पिवळीच दिसते.