मदत हवी आहे : पिनबॉलमध्ये यंत्राला धक्का नेमका केव्हा द्यावा?

नमस्कार. गेले सहा-सात महिने मी नियमितपणे पिनबॉल (उतरत्या फळीवरचा धातूचा चेंडू खाली पडू न देता गुण मिळवण्याचा यंत्रावरचा खेळ) खेळतो आहे. मात्र गेल्या काही आठवड्यांत प्रगती पूर्णपणे थांबली आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सुरुवातीला चेंडू खाली येताना दिसला की मी घाबरून दोन्ही फ्लिपर (चेंडू वर मारणाऱ्या, बटणाने उडणाऱ्या तळाच्या पट्ट्या) एकदम उडवीत असे. ती सवय आता बरीचशी मोडली आहे. चेंडू इनलेनमधून (फ्लिपरकडे नेणाऱ्या कडेच्या वाटेतून) घरंगळत आला की फ्लिपर वर धरून त्याला थांबवणे मला जमते. फ्लिपरच्या मुळाजवळ मारलेला चेंडू त्याच बाजूला वर जातो आणि टोकाजवळ मारलेला पलीकडच्या बाजूला आडवा जातो, हेही अनुभवाने कळले आहे. तरीही माझे निम्म्याहून अधिक चेंडू कडेच्या आउटलेनमधून (चेंडू थेट खेळाबाहेर नेणाऱ्या वाटेतून) जातात, आणि तेथे फ्लिपरचा काहीच उपयोग होत नाही.

अशा वेळी यंत्राला धक्का द्यावा, असे सगळेच सांगतात. मी तो देतो तेव्हा एकतर चेंडूवर काहीही परिणाम होत नाही, किंवा घाईने लागोपाठ दोनदा ढकलल्यामुळे टिल्ट होतो (यंत्र फार हलल्याची शिक्षा म्हणून ते खेळ अडवते), फ्लिपर निर्जीव होतात आणि चेंडूबरोबर त्या चेंडूअखेरचा जमलेला बोनसही जातो. धक्का कोणत्या क्षणी आणि कोणत्या दिशेने द्यावा, आणि टिल्टची मर्यादा आधी कशी ओळखावी? शिवाय, हे सगळे नियमाला धरून आहे का, अशी एक शंका मनात राहतेच.

प्रतिसाद

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती मनात असेल तर हात आखडतो. धक्का देणे हे फ्लिपरपेक्षाही जुने आहे. फ्लिपर असलेले पहिले यंत्र, गॉटलिब कंपनीचे ‘हम्प्टी डम्प्टी’, १९४७ साली आले. त्याआधी प्लंजरने (चेंडू सोडण्याच्या स्प्रिंगच्या दांड्याने) चेंडू सोडल्यावर खेळाडूच्या हाती यंत्र हलवण्यापलीकडे काहीही नव्हते. टिल्टची योजना त्याच काळातली आहे. धक्क्याला किती मुभा आहे ते ती ठरवते, धक्का मुळीच नको असे ती म्हणत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण चेंडू आउटलेनमध्ये शिरलेला पाहून ढकलत असाल, तर तो उशीर आहे. मोकळा घरंगळणारा चेंडू रबराला किंवा खुंटीला टेकलेला नसतो, त्यामुळे यंत्र हलले तरी त्याच्या गतीत फारसा फरक पडत नाही. यंत्राची पेटी त्याच्याखालून सरकते आणि परत येते, एवढेच. परिणाम होतो तो चेंडू रबरावर किंवा खुंटीवर आपटतो त्या क्षणी. त्या क्षणी यंत्र चेंडूच्या दिशेने सरकले तर उसळी वाढते, आणि त्याच्यापासून दूर सरकले तर उसळी मरते. म्हणून आउटलेनच्या तोंडाशी असलेल्या खुंटीकडे पाहायला शिका. चेंडू त्या खुंटीवर नाचत असतो तेव्हाच निर्णय होतो, आणि तो एकदा आत पडला की हळहळण्याशिवाय काही उरत नाही.

दोन फ्लिपरांच्या मधून सरळ खाली येणाऱ्या चेंडूची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे पेटी किंचित बाजूला सरकवून फ्लिपरचे टोक चेंडूच्या वाटेत आणायचे असते; टोकाला चेंडू जरासा लागला की तो फ्लिपर आधी आणि दुसरा लगेच नंतर उडवावा. पण असा प्रसंग मुळात येऊ न देणे अधिक शहाणपणाचे. वेगाने येणारा चेंडू खाली असलेल्या फ्लिपरवर तसाच आपटू द्यावा, बटण दाबूच नये. पुष्कळदा तो आपोआप उसळून दुसऱ्या फ्लिपरकडे जातो आणि तेथे शांतपणे थांबवता येतो. नवशिक्याला हात आवरणे सगळ्यांत कठीण जाते.

टिल्टचे म्हणाल तर पेटीच्या आत एका धातूच्या कड्यामध्ये एक वजनदार लोलक टांगलेला असतो, आणि तो कड्याला टेकला की विद्युतमंडळ पूर्ण होते. धक्क्यानंतर तो काही क्षण झुलत राहतो, आणि तो झुलत असतानाच दुसरा धक्का दिला तर पहिल्यापेक्षा सौम्य धक्काही त्याला कड्यापर्यंत नेतो. आपला लागोपाठचा दुसरा धक्का येथेच नडतो. अलीकडची बहुतेक यंत्रे टिल्टपूर्वी एक-दोन इशारे देतात, जुनी यंत्रे तेवढी दया दाखवत नाहीत. लोलक वर-खाली करता येत असल्यामुळे प्रत्येक यंत्राची मर्यादा निराळी असते. म्हणून अनोळखी यंत्रावर पहिल्या चेंडूला मुद्दाम वाढत्या जोराचे धक्के द्यावेत आणि इशारा कोठे येतो ते हातांना कळू द्यावे. दोन्ही तळवे पेटीच्या कडांवर टेकून, आखूड आणि झटकन ढकलावे. पेटी उचलणे किंवा समोरच्या दारावर गुद्दा मारणे मात्र टाळावे, कारण त्याने स्लॅम टिल्ट होऊ शकतो आणि मग एक चेंडू नव्हे, सगळा डावच संपतो.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल पहिल्याच चेंडूवर एक इशारा ओढवून घेतला, आणि मी किती जास्त जोर लावीत होतो ते तेव्हा कळले. त्यानंतर गुणांकडे न पाहता केवळ खुंट्यांवर नजर ठेवून खेळलो. उजव्या बाजूचे तीन चेंडू वाचले. डाव्या बाजूला अजूनही धक्का उशिराच पडतो; बहुधा त्या वेळी माझी नजर वरच्या बंपरमध्येच (चेंडूला उसळवणाऱ्या गोल खांबांमध्येच) अडकलेली असते.