मदत हवी आहे: प्रारूप विकास आराखड्यात भाताच्या मळ्यावर वाहनतळ, पऱ्यावर १२ मीटर रस्ता. हरकत नेमकी कशी लिहायची?

खाडीपट्टा

रत्नागिरी जिल्ह्यातली खाडीकाठची छोटी नगरपंचायत आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय, हरकतीची मुदत चालू आहे. अडचणीच्या गोष्टी अशा:

सड्यावरची (वरच्या जांभ्याच्या पठारावरची) साधारण ४० हेक्टर जागा शेती विभागातून रहिवास विभागात घेतलीय. या सड्याचं सगळं पाणी एका पऱ्यातून (ओढ्यातून) खाली येतं, मळ्यात पसरतं आणि खारबंधाऱ्याच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे झडपेच्या दारातून, खाडीत जातं. त्याच मळ्यावर १.८ हेक्टरचं आरक्षण टाकलंय, 'वाहनतळ व आठवडा बाजार'. सड्यावरून जेटीकडे येणारा १२ मीटरचा नवा रस्ता ३५० मीटरभर सरळ पऱ्याच्या अंगावरून आखलाय. विद्यमान भूवापर नकाशात पऱ्या दाखवलेलाच नाही, शेवटचा तुकडा तेवढा 'नाला' म्हणून आहे. मळा रस्त्यापेक्षा सव्वा मीटर खोल, म्हणजे बांधकाम करायचं तर भराव आलाच.

सातबारा सामाईक आहे, बरीच नावं, निम्मी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत मुदत संपेल. सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) मुद्दा पुढे करावा असं काहींचं म्हणणं आहे. कोणता मुद्दा टिकेल, आणि अर्जाला काय काय जोडायचं?

---

सातबारा_आठअ

आधी सह्यांचं. हरकत घ्यायला मालक असावं लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम २६खाली कुणीही हरकत वा सूचना देऊ शकतं. सहहिस्सेदारांपैकी एकाने दिली तरी चालते. मुंबईकरांनी आपापली वेगळी हरकत टपालाने पाठवली तर उलट बरं, फक्त तोच मजकूर झेरॉक्स करून पाठवू नका. शंभर सारख्या अर्जांचा एकच गट करून एकाच ओळीत निकाल लागतो.

मुदत ३० दिवसांची, राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. वर्तमानपत्रातली जाहिरात वेगळ्या दिवशी आलेली असते आणि तिथे घोळ होतो. दोन्हींपैकी आधीची तारीख धरून मोजा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख. 'ठेवून जा, नंतर नंबर टाकतो' याला हो म्हणू नका. मुदतीनंतर आलेल्या अर्जाचा विचार करायला समिती बांधील नसते.

पऱ्याचा पुरावा सातबाऱ्यावरच असू शकतो. पोटखराबा (लागवडीत न येणारी जमीन) 'अ' आणि 'ब' असा वेगळा लिहिलेला असतो. 'ब' म्हणजे ओढा, तळं, रस्ता, पायवाट अशा कामांखालची जमीन. पऱ्याला लागून असलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबर-हिस्सा नंबरचा उतारा काढा आणि 'ब'चं क्षेत्र मांडा. ते ओळीने लागलं तर 'इथे नाला नाहीच' असं म्हणणं अवघड जातं. सोबत गाव नकाशा आणि हिस्सा फाळणीचा नकाशा भूमी अभिलेखकडून घ्या. मोजणी मुदतीत होणार नाही, तिच्यासाठी थांबू नका. मोजणीच्या अर्जाची पावती जोडा आणि 'मोजणी नकाशा सुनावणीवेळी सादर करू' असं लिहा.

---

नकाशेवाला

सीआरझेडवर फार भिस्त ठेवू नका. २०१९च्या अधिसूचनेत भरतीच्या पाण्याच्या नाल्याला दोन्ही काठांवर ५० मीटर किंवा नाल्याची रुंदी, यांत जे कमी असेल ते लागतं. पऱ्या सहा मीटर रुंद असेल तर सहा मीटरच. शिवाय १९९१च्या पहिल्या अधिसूचनेपूर्वीचा बांध वा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते. तुमचा मळा बांधाच्या आत आहे. बांधाबाहेर खाजण (भरतीचं पाणी येणारी खारी जमीन), कांदळवन असेल तर ते सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात येतं, पण आरक्षण तिथे नाही.

पूररेषेचंही तेच. जलसंपदा विभाग निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आखतो, पण ते मुख्य नद्यांना. पऱ्याला बहुधा काहीच आखलेलं नसतं. आणि आखलेलं असतं तरी सावध राहा. २ डिसेंबर २०२०ला मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत नदीकाठ ते निळी रेषा या निषिद्ध पट्ट्यातसुद्धा वाहनतळ, बाग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार यांना मुभा आहे. म्हणजे 'पाणी भरतं म्हणून वाहनतळ नको' असं लिहिलंत की समोरचा नियमावलीचं पान उघडून दाखवणार आणि विषय संपणार.

तुमचं भांडण वाहनतळाशी नाही, भरावाशी आहे. अर्जातलं प्रत्येक वाक्य या कसोटीवर तपासा.

---

उघाडी

नकाशेवाल्यांना अनुमोदन. भरावाचा हिशेब आकड्यात देता येतो, आणि तो द्याच.

प्रवाहाचं साधं सूत्र: गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (तासाला मिलिमीटर) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६० = घनमीटर प्रति सेकंद. जांभ्याचा सडा जुलैत आधीच भिजून तुडुंब असतो, म्हणून मोकळ्या सड्यालाही गुणांक ०.६ धरणं वाजवी. घरं, डांबर, काँक्रीट आलं की ०.८.

तासाला १०० मिमीच्या सरीला आज: ०.६ × १०० × ४० ÷ ३६० = ६.७ घनमीटर प्रति सेकंद.
सडा बांधून झाल्यावर: ८.९.

आता मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचं. छोट्या रस्त्यांना सर्रास ९०० मिमीचा एक ह्यूम पाइप (काँक्रीटचा नळ) टाकतात. त्याचा छेद ०.६४ चौरस मीटर. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावलं तरी १.३ घनमीटर जाणार. म्हणजे सात पाइप लागतील, आणि पाइप ओळीने लावले की प्रत्येकाच्या तोंडाशी काजूचा पाला आणि फांद्या अडकणार. ३ मीटर रुंद, २ मीटर उंच पेटी-मोरी घ्या. १.७ मीटर खोल पाणी धरलं तर ३ × १.७ × २ = १०.२. ही चालते, वर ३० सेंटिमीटर मोकळेही राहतात.

हे झालं पाणी वाहतं तेव्हाचं. खरी गोची उधाणाची. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उघाडीची झडप खाडीच्या दाबाने बंद होते, ती तशीच व्हायला हवी. त्या दोन-अडीच तासांत सड्यावरून येणारं पाणी मळ्यातच थांबतं. तासाला ५० मिमी पाऊस दोन तास पडला तर ०.६ × ५० × ४० ÷ ३६० = ३.३३ घनमीटर प्रति सेकंद, गुणिले ७,२०० सेकंद, म्हणजे सुमारे २४,००० घनमीटर. आणि तुमचं आरक्षण १.८ हेक्टर, भराव १.२ मीटर: १८,००० × १.२ = २१,६०० घनमीटर. जवळजवळ तेवढीच पाण्याची जागा मातीने भरणार. ते पाणी बाजारपेठेत शिरेल. हा एक परिच्छेद सगळ्या अर्जापेक्षा मोलाचा आहे.

दोन चुका टाळा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमवरून (सागरी नकाशाच्या शून्यपातळीवरून) असते, सर्वेक्षकाची पातळी समुद्रसपाटीवरून. दोन्ही आकडे एका तक्त्यात मांडलेत तर अख्खा हिशेब खोटा पडेल. सोपा मार्ग असा की उधाणाला उघाडीच्या खांबावर पाण्याची खूण करायची आणि ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) तीच खूण, मळा, बाजाररस्ता आणि पऱ्याचा तळ एकाच संदर्भबिंदूवरून मोजायचे. दुसरं, उघाडीची झडप गंजून अर्धवट उघडी राहते का, तळाशी गाळ बसलाय का, ते आधी बघा. सुनावणीत 'पाणी उघाडी नादुरुस्त असल्यामुळे तुंबतं' हा प्रश्न हमखास येतो. दुरुस्तीची मागणी खारभूमी विकास विभागाकडे वेगळ्या अर्जाने करा, या हरकतीत मिसळू नका.

---

खाडीपट्टा

हे फारच उपयोगी. मळ्याचा मुद्दा लख्ख झाला. पण रस्त्याबद्दल नगरपंचायतीत सांगतात की पऱ्या रस्त्याखालून बंद गटारात घेऊ, म्हणजे दोन्ही कामं होतील. याला उत्तर काय?

---

उघाडी

३५० मीटर बंद गटार म्हणजे तुंबल्यावरच कळणारं गटार. सड्यावरचं पाणी जांभ्याची खडी, माती आणि पाला घेऊन येतं. उतार संपतो तिथे वेग पडतो आणि गाळ नेमका झाकणाखाली बसतो. ते साफ करायला दर २०-३० मीटरवर माणूस उतरेल एवढं तोंड लागतं, आणि पहिल्या डांबरीकरणात ती तोंडं गाडली जातात. उघडा पऱ्या गावकरी पावसाआधी चार माणसं लावून साफ करू शकतात. पऱ्याकाठच्या विहिरींना पाझर मिळतो, तोही बंद गटाराने थांबेल.

---

नकाशेवाला

रस्त्याला नुसतं 'नको' म्हणू नका, सरकवून दाखवा. जेटीला रस्ता लागणारच आहे. आखणी पऱ्याच्या काठापासून बाजूला न्या, मध्ये ६ मीटरची हरित पट्टी ठेवा आणि पऱ्या एकाच जागी, काटकोनात ओलांडा. तिथे वरची ३ × २ मीटरची मोरी. ही आखणी आराखड्याच्याच भागनकाशावर लाल शाईने काढून द्या. १:४०००च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर, तेव्हा स्केचपेनने काढलेली रेघ कुणाच्या तरी घरातून जाईल. ०.३ मिमीचं पेन वापरा, नव्या आखणीखाली येणारे हिस्सा नंबर लिहा, कुठलं पक्कं घर जात असेल तर तेही लिहा. ते लपवलंत तर सुनावणीत त्या घराचा मालक समोर उभा असतो.

गावातली पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) आराखड्यात रुंद रस्ता म्हणून रंगवलीय का तेही बघून घ्या. हे सारखं घडतं. पायऱ्यांच्या पाखाडीवर गाडीरस्ता आखला की दोन्ही बाजूंचे गडगे (दगडी कुंपणं), पडव्या आणि माडांची एक ओळ रुंदीकरणात जाते, आणि चढ इतका की गाडी तरीही चढत नाही. 'पादचारी मार्ग, विद्यमान रुंदी कायम' अशी सूचना द्या.

---

सातबारा_आठअ

आरक्षणाच्या आकारावरही बोट ठेवा. एका मोटारीला फिरायच्या जागेसह २५ चौरस मीटर धरले तर १८,००० चौरस मीटरमध्ये ७२० गाड्या. गणपती आणि मे महिना सोडला तर एवढ्या गाड्या कुठून येणार? आराखड्यासोबत अहवाल असतो, त्यात प्रक्षेपित लोकसंख्या आणि सुविधांच्या गरजेचे तक्ते असतात. वाहनतळाचं क्षेत्र कशावरून काढलं ते त्यात शोधा. आधार नसेल तर 'अहवालात गरजेचा हिशेब दिलेला नाही' एवढं एक वाक्य पुरे. पर्याय म्हणून सड्यावर मुख्य रस्त्यालगत ०.६ हेक्टर सुचवा, २४० गाड्या बसतात, भराव लागत नाही.

सामाईक जमिनीच्या मालकांसाठी आणखी एक. प्रारूप प्रसिद्ध झाल्या दिवसापासून कलम ४६मुळे त्या जागेवरच्या बांधकाम परवानगीत आराखडा विचारात घेतला जातो, म्हणजे व्यवहारात परवानगी अडते. 'टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळेल' हे ऐकून गप्प बसू नका. लहान गावात टीडीआरला गिऱ्हाईक सापडणं मुश्कील, आणि तो घ्यायला सर्व हिस्सेदारांचं नाव स्वच्छ लागतं. आरक्षण तसंच पडून राहिलं तर कलम १२७ची ('जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा' अशी) नोटीस अंतिम आराखडा अमलात आल्यावर १० वर्षांनी देता येते, त्यापुढे प्राधिकरणाला २४ महिने. बारा वर्षं अडकण्यापेक्षा आत्ताचे तीस दिवस वापरलेले बरे.

---

खाडीपट्टा

मसुदा असा केलाय, तपासून द्या:

"आरक्षण क्र. __, स.नं. __ हि.नं. __. सदर जागा ४० हेक्टर पाणलोटाचे पाणी उधाणाच्या वेळी साठवते (हिशेब सोबत). १.२ मी. भराव केल्यास २१,६०० घनमीटर साठवण नष्ट होते. सबब (१) आरक्षण वगळून जागा शेती विभागात ठेवावी. (२) ते शक्य नसल्यास विद्यमान तळपातळीवर, भरावाशिवाय, उघडा वाहनतळ अशी अट आराखड्यात नमूद करावी. (३) वाहनतळासाठी सोबतच्या नकाशातील पर्यायी जागा घ्यावी. विद्यमान भूवापर नकाशात पऱ्या दर्शवून रस्त्याची आखणी सोबतच्या नकाशाप्रमाणे बदलावी."

---

नकाशेवाला

ठीक आहे, पण रस्त्याची हरकत वेगळ्या अर्जात द्या. एका अर्जात दोन विषय असले की एक 'अंशतः मान्य' होतो आणि दुसरा त्याच ओळीत बुडतो. पऱ्या भूवापर नकाशात दाखवण्याची मागणी मात्र दोन्ही अर्जांत असू द्या. (२) मध्ये 'अट' कुठे लिहायची तेही सांगा: आरक्षणांच्या तक्त्यातल्या शेरा रकान्यात. नकाशावर लिहिलेली टीप पुढच्या प्रतीत गळते.

सुनावणी कलम २८खालच्या नियोजन समितीसमोर होते. स्थायी समितीतले तिघे आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. ए-३ कागदावर तीन गोष्टी न्या, प्रत्येकाच्या हातात एक प्रत जाईल एवढ्या: पऱ्या निळ्या रेघेने काढलेला भागनकाशा, पातळ्यांचा आडवा छेद, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचं गूगल अर्थचं चित्र. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बहुधा कामाची नसतात. समितीने नाकारलं तरी आराखडा कलम ३०खाली शासनाकडे जातो आणि मंजुरी कलम ३१खाली होते. त्या मधल्या काळात हाच हिशेब नगररचना संचालनालयाला आवक क्रमांकासह द्या. शासनाने मोठा बदल सुचवला तर त्यावर पुन्हा हरकती मागवतात, त्या सूचनेवर लक्ष ठेवा.

---

उघाडी

पातळ्या घ्यायला येत्या उधाणालाच जा. भरतीच्या अर्धा तास आधी उघाडीवर पोचा, खूण चुन्याने नको, खिळ्याने करा.