मदत हवी आहे: माणग्याच्या (बांबूच्या) बाणांना पिसं कोणती लावावी? चार इंची की पाच इंची?

नमस्कार मंडळी,

साध्या धनुष्याची तिरंदाजी करणारं इथे कोणी असेल तर थोडं मार्गदर्शन हवं आहे. 2023 ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं, ते अजून उतरलेलं नाही. डिचोलीला घरामागच्या काजूच्या बागेत पेंढ्यावर बाण मारतो. धनुष्य 35 पौंडी (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो), बांबू-फायबरचं. बाण टेकवायला शेल्फ नाही, डाव्या हाताच्या पेरावरूनच सुटतो. बाण माणग्याचे, मीच तासून, विस्तवावर शेकून सरळ केलेले.

आजवर प्लास्टिकची पाती लावत होतो. बाण निघताना पातं पेरावर आपटतं आणि शेपूट बाहेर फेकलं जातं, हे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसतं. पीस असतं तर दबून निघून गेलं असतं. म्हणजे पिसंच लावायची, एवढं ठरलं. पुढे गाडी अडली आहे.

ऑनलाइन टर्कीची पिसं मिळतात: चार इंची, पाच इंची, शील्ड (मागे टोकदार) आकाराची, पॅराबोलिक (मागे गोलसर) आकाराची. त्यात पुन्हा लेफ्ट विंग, राइट विंग. मी उजव्या हाताने मारतो, मग राइट विंगच घ्यायची का? दुकानदार म्हणतो, कोणतंही चालेल. असं मोघम ‘चालेल’ मला चालत नाही.

दुसरं म्हणजे बागेत मोरांचा सुळसुळाट आहे, पिसं पडलेली असतात. शेजारचे काका म्हणतात, महाभारतात गिधाडाची आणि कंक पक्ष्याची पिसं लावलेले बाण होते, मग तुला मोराचं लावायला काय झालं! आणि इथल्या पावसात पिसं टिकतात का, हेही जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (फोंडा)

दुकानदार बरोबर बोलला, फक्त अर्धंच बोलला. डावखुरा की उजवा याचा पिसाच्या बाजूशी संबंध नाही. पीस पक्ष्याच्या कोणत्या पंखाचं आहे त्यावर बाण हवेत कुठल्या बाजूला फिरणार ते ठरतं, एवढंच. पण एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूची हवीत. चिकटवायचा क्लॅम्प पीळदार असेल तर तोही त्याच बाजूचा घ्या.

मापाचं म्हणाल तर पाच इंची पीस बाणाला लवकर सरळ करतं, सुटताना झालेली चूक झाकतं, पण हवा जास्त अडवतं. वीस-तीस मीटरला त्याने काही बिघडत नाही. शील्डपेक्षा पॅराबोलिक कमी फडफडतं.

आता खरं सांगू का, तुमचा बाण शेपूट हलवतोय त्याला एकटं प्लास्टिक जबाबदार नसावं. आधी काठीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, मोजा. 26 इंच, म्हणजे 66 सेंमी अंतरावर दोन खिळे ठोका, त्यावर काठी आडवी ठेवा, मधोमध 2 पौंड (साधारण 900 ग्रॅम) वजन टांगा आणि काठी किती मिलिमीटर वाकते ते बघा. 660 ला त्या आकड्याने भागलं की पौंडात स्पाइन मिळतो. हातावरून मारायचं तर बाणाचा स्पाइन धनुष्याच्या पौंडांपेक्षा जरा कमी, म्हणजे बाण मऊच लागतो, कारण त्याला मुठीला वळसा घालून जायचं असतं. मग बिनपिसांची काठी दहा-बारा मीटरवरून मारून बघा. तुम्ही उजव्या हाताने मारता, तेव्हा ती डावीकडे गेली तर ताठ, उजवीकडे गेली तर मऊ. हे न करता पिसं लावाल तर दोष झाकला जाईल, जाणार नाही.

प्रतिसाद (पेडणे)

मोराच्या भानगडीत पडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. सूट आहे ती शेपटीच्या पिसांना, आणि ती बाणाला कुचकामी, त्यांचे तंतू सुटे असतात. बाणाला पंखाचं कडक पीस लागतं. घारीबिरीचं तर नावच काढू नका.

नाताळच्या आधी टर्की पाळणाऱ्यांकडे चौकशी करून ठेवा, पंख ते टाकूनच देतात. मोठी पिसं घ्या, दांडी मधोमध ब्लेडने चिरा, पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. रुंद बाजू वापरायची, अरुंद फेकायची. काम किचकट आहे, पहिल्यांदा विकतचीच लावा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. खिळे ठोकून सगळ्या काठ्या मोजल्या आणि डोळेच उघडले. काही 18 मिमी वाकतात, काही 25. म्हणजे एकाच भात्यात 37 पौंडी आणि 26 पौंडी बाण! बिनपिसांच्या मारून पाहिल्या तर 18 वाल्या हमखास डावीकडे जातात, 25 वाल्या जवळपास सरळ. 18 वाल्या आता थोड्या तासून मऊ करतो. पिसं पाच इंची पॅराबोलिक मागवू ना? आणि रंग?

प्रतिसाद (फोंडा)

मागवा. तासताना एकाच बाजूने खाऊ नका, गोल फिरवत तासा आणि पुन्हा पुन्हा मोजा. रंगात लाल नको, आपल्या तांबड्या मातीत दिसणार नाही. हिरवा पावसात गवतात जाईल. पिवळा किंवा पांढरा घ्या.

एक लक्षात ठेवा: पिसाच्या दांडीचं पुढचं टोक ब्लेडसारखं धारदार असतं आणि तुमचा बाण पेरावरूनच जातो. ते टोक तासून उतरतं करा, वर बारीक दोरा घट्ट गुंडाळा आणि दोऱ्यावर फेविक्विकचा थेंब सोडा. नाहीतर बोटातून रक्त येईल. मागे खाचेपासून साधारण एक इंच जागा सोडा, म्हणजे ओढताना बोटं पिसांना लागणार नाहीत.

पावसात भिजून पीस चप्पट बसलं तर वाळवून चहाच्या आधणाच्या वाफेवर धरा, परत उभं राहतं. बाण मात्र बंद नळीत ठेवू नका, बुरशी धरते.