मदत हवी आहे: शेनँडोआमधले मोठे नर फ्रेममध्ये येईनात

व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कमध्ये, बिग मेडोज या मोठ्या मोकळ्या कुरणात, पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे फोटो काढतोय. ऑक्टोबरात दोन शनिवार-रविवार पहाटे आणि संध्याकाळी गेलो. माद्या, पाडसं, छोट्या शिंगांचे तरुण नर भरपूर, अगदी रस्त्याकडेला. भरदार शिंगांचा नर मात्र एकदाच, तोही अंधार पडताना झाडीच्या कडेला. २०० मिमी लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४००. फोटो म्हणजे नुसता रवा, सगळा दाणेदार!

आता नोव्हेंबरच्या मध्यात, ऐन माजाच्या काळात, एकच दिवस मिळतोय. खाणं टाकणं, प्रकाशझोत मारणं पार्कात बंद आहे, आणि मला करायचंही नाही. सोबत बाबा आहेत, फार चालणं जमणार नाही.

अशा वेळी माद्यांच्या कळपाजवळ अंतर राखून दिवसभर थांबावं, की झाडीची कडच धरावी?