मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात कासवाला ऊन कसं द्यायचं?

आमच्याकडे तळहाताएवढं रेड इअर्ड स्लायडर जातीचं पाण्यातलं कासव आहे (तारा कासव नव्हे, ते घरात ठेवणं गुन्हाच). कवच मऊ पडू नये म्हणून ऊन हवं, आणि काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ येतच नाही, एवढं कळलंय. म्हणून सकाळी घमेल्यात पाणी, मधोमध वीट ठेवून गच्चीवर नेते. पण इथं मे महिन्यात पारा ४२च्या वर! परवा नऊ वाजताच पाणी अंघोळीला घ्यावं इतकं गरम, आणि हा पठ्ठ्या तोंड उघडून विटेच्या आडोशाला बसलेला. घाबरून लगेच खाली आणलं. अर्ध्या घमेल्यावर ओलं पोतं टाकलं तर भागेल का? किती मिनिटं पुरतात? की सरळ यूव्हीबी दिवाच घ्यावा? घारी फिरतात, त्यामुळे मला समोरून हलताही येत नाही.